‘अशी सेवा इथे मिळत नाही’ : खान्देशातल्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, बाजार समित्या, सहकारी बँका, पतसंस्था आणि शिक्षणसंस्था यांचे अधिकारी व पदाधिकारी

विषय : संकेतस्थळे, ॲप, पीडीएफ आणि व्हिडिओ दिव्यांगांना वापरता येतील असे करून घेण्याबाबत

महोदय, महोदया,

आमच्या भागातल्या एका कचेरीने नवं संकेतस्थळ सुरू केलं. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले, तक्रारी, दिव्यांग निधीचा अर्ज, सगळं त्यावर. उद्‌घाटन झालं, पेपरात फोटो आला. मी दृष्टिहीन आहे. फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवते. त्या संकेतस्थळावर मला लॉगिनच्या पुढे जाता येईना, म्हणून रीतसर अर्ज दिला की हे आम्हालाही वापरता येईल असं करून घ्या. उत्तर आलं : ‘सदर प्रकारची सेवा पुरविणारी संस्था स्थानिक स्तरावर उपलब्ध नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ हे पत्रसुद्धा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. भाचीने वाचून दाखवलं.

कचेरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की तिथल्या एका लिपिकाला नोटीस निघते आणि बाकीचे सुटकेचा श्वास टाकतात. शिवाय हेच उत्तर, शब्द थोडे इकडेतिकडे करून, माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांना मिळालं आहे. कोणाला कॉलेजातून, कोणाला बँकेतून, कोणाला पंचायत समितीतून. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगते. मी तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी राहते. शाळेत असताना नजर कमी होत गेली, कॉलेज संपेपर्यंत पूर्ण गेली. आज माझं पोट ज्या कामावर चालतं ते हेच काम आहे. संकेतस्थळ, ॲप किंवा पीडीएफ दिव्यांग माणसाला वापरता येतं का हे तपासायचं, कुठे अडतं ते लिहायचं आणि काय दुरुस्त करायचं ते सांगायचं. बाहेरगावच्या कंपन्या मला हे काम घरबसल्या देतात आणि त्याचे पैसे वेळेवर देतात. म्हणजे जी सेवा ‘स्थानिक स्तरावर उपलब्ध नाही’, ती देणारी बाई त्याच कचेरीच्या हद्दीत घरपट्टी भरते.

लगेच खुलासाही करते : मला तुमचं काम नको. तुमच्या कुठल्याही निविदेत मी उतरणार नाही. पत्र लिहून ऑर्डर मिळवते आहे असं कोणी म्हणू नये, म्हणून हे आधीच सांगितलं.

आता त्या ‘स्थानिक’बद्दल. तुमचं संकेतस्थळ बनवणारा ठेकेदार कुठला होता? बहुतेक ठिकाणी नाशिकचा, पुण्याचा, नाहीतर मुंबईचा. सर्व्हर कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये, पेमेंट गेटवे बंगळूर-मुंबईकडचा. यात कोणी खान्देशातलं नव्हतं आणि कोणाचं काही अडलं नाही. तपासणारा माणूस मात्र जळगावच्या नवी पेठेतलाच हवा, नाहीतर अर्ज निकाली. हे काम फाइल पाठवून आणि लिंक पाठवून होतं. त्यासाठी कोणी रात्रीची गाडी पकडून इकडे यायची गरज नसते.

आमचं नेमकं कुठे अडतं ते लिहिते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे कधी ऐकलेलंच नसेल, त्यामुळे जरा सविस्तर.

सगळ्यात मोठं दुखणं स्कॅनचं. लिपिक नोटीस कॉम्प्युटरवर टाइप करतो. म्हणजे त्या क्षणी ती नोटीस मला पूर्ण वाचता येईल अशीच असते. मग तो प्रिंट काढतो, साहेब सही करतात, शिक्का बसतो, कागद स्कॅनरवर थोडा तिरका ठेवला जातो आणि त्याची पीडीएफ संकेतस्थळावर चढते. आता त्या फाइलमध्ये अक्षर एकही नाही, फक्त कागदाचा फोटो आहे. माझा स्क्रीन रीडर ती उघडतो आणि ‘ब्लँक’ म्हणून गप्प बसतो. चांगली वाचता येणारी नोटीस मेहनत घेऊन न वाचता येणारी करायची, ही पद्धत कोणी घालून दिली माहीत नाही, पण तिन्ही जिल्ह्यांत ती एकसारखी पाळली जाते. फोटोतून अक्षरं ओळखणारी ओसीआर सोय आमच्याकडे असते, पण तिरका कागद, अक्षरांवर उमटलेला शिक्का आणि तक्ता असला की मराठीचं भजं होतं. लाभार्थी यादीत माझं नाव आहे की नाही, एवढंसुद्धा त्यातून खात्रीने कळत नाही.

दुसरं, जुने फॉन्ट. युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेचं अक्षर त्याच भाषेचं म्हणून साठवायची पद्धत, येऊन इतकी वर्षं झाली, तरी अनेक टेबलांवर मराठी अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतं. डोळ्यांना ते मराठी दिसतं. आतमध्ये मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. अशा फाइलमध्ये जिथे ‘महाराष्ट्र’ दिसतं, तिथे मला ‘अंडरस्कोर, एच, एम, ए, एम’ असं काहीतरी ऐकू येतं. पानभर असंच. युनिकोडमध्ये लिहिलं तर स्क्रीन रीडर मराठी नीट वाचतो, एवढंच काय, देवनागरीत लिहिलेली अहिराणीसुद्धा वाचतो. उच्चार पुण्याचे का असेनात.

तिसरं, अर्जाचे फॉर्म. त्या नव्या संकेतस्थळावरचा फॉर्म मला असा ऐकू येतो : ‘एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. बटण. ग्राफिक. बटण.’ यातल्या कुठल्या चौकटीत नाव, कुठल्या चौकटीत मालमत्ता क्रमांक आणि कुठलं बटण पैसे भरायचं, हे काहीच सांगितलेलं नाही. डोळसांसाठी चौकटीच्या बाजूला शब्द लिहिलेला आहे, पण तो चौकटीशी जोडलेला नाही. जोडायला प्रोग्रामरला एका ओळीचं काम. जन्मतारखेचं कॅलेंडर माउसशिवाय उघडत नाही. चूक झाली की चौकट नुसती लाल होते. शेवटी कॅप्चा येतो : चित्रातली वाकडी अक्षरं ओळखा. ध्वनीचा पर्याय नाही. आपण माणूस आहोत हे सिद्ध करायला डोळे लागतात, असा त्या संकेतस्थळाचा समज आहे.

मग कोणाला तरी सांगावं लागतं. भाची गुणी आहे, पण माझा आधार क्रमांक, बँक खातं, ओटीपी हे सगळं दर वेळी दुसऱ्याच्या हातात द्यायचं, हे तुम्ही स्वतःच्या बाबतीत चालवून घ्याल का? सेवा केंद्रात तर अनोळखी माणसाला द्यावं लागतं, वर पैसेही.

कर्णबधिरांचं वेगळंच. यावल तालुक्यात माझ्या ओळखीचे एक कर्णबधिर शेतकरी आहेत. केळी आहे त्यांची. केळीवरच्या करपा आणि मोझॅक रोगांवर मार्गदर्शन करणारे व्हिडिओ त्यांच्या फोनवर येतात. तज्ज्ञ चांगलं बोलत असतील, पण खाली एक ओळ मजकूर नाही. ज्या कागदावरून तज्ज्ञ बोलतात, तो कागदच व्हिडिओसोबत दिला असता तरी भागलं असतं. आणि प्रत्येक संकेतस्थळावर ‘अडचण आल्यास फोन करा’ असं लिहून फक्त एक फोन नंबर. ज्याला ऐकू येत नाही त्याने फोन करून काय करायचं?

पावसाळ्यात तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या गावांना सावध करणारं पत्र आमच्या ग्रुपवर फोटो म्हणून फिरतं. यावर अधिक काही लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्याच फायद्याची. नुसता मजकूर असलेलं पान काही केबींचं असतं, स्कॅन केलेली पीडीएफ कित्येक एमबींची. धडगाव-अक्कलकुवा भागात सातपुड्याच्या कुशीत नेटवर्कची एखादी काडी मिळते. तिथल्या डोळस माणसालाही तुमची नोटीस उघडत नाही. आमच्यासाठी जे कराल, त्याने त्यांचीही सोय होईल.

आता ते गोल बटण. काही संस्थांनी आमच्या तक्रारीनंतर संकेतस्थळाच्या कोपऱ्यात हात पसरलेल्या माणसाचं चिन्ह बसवलं. ते दाबलं की अक्षरं मोठी होतात, रंग बदलतात, एक आवाज वाचू लागतो. ठेकेदाराने सांगितलं, ‘झालं, तुमची साइट दिव्यांगस्नेही.’ साहेबांनी देयक मंजूर केलं. प्रत्यक्षात अक्षर मोठं करायची सोय ब्राउझरमध्ये आधीच असते आणि आवाज माझा माझ्याकडे असतो. बिननावाच्या चौकटींना ते बटण भरवशाची नावं देऊ शकत नाही आणि स्कॅनमध्ये अक्षरं आणू शकत नाही; उलट कधी कधी माझ्या स्क्रीन रीडरच्या आणि त्याच्या आवाजाची जुंपते. असलं एक विजेट विकणाऱ्या कंपनीने ‘आमच्या साधनाने कुठलीही साइट निकषांत बसते’ असा दावा केला, तेव्हा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तो दिशाभूल करणारा ठरवला आणि २०२५ मध्ये तिला १० लाख डॉलर भरायला लावले. ते बटण आपल्याकडे अजून जोरात विकलं जातंय.

कायदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवा. तरी फाइलवर राहावं म्हणून थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम ४२ माहिती-तंत्रज्ञान सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येईल असं, करण्याबद्दल आहे. कलम ४६ सरकारी आणि खासगी दोन्ही सेवा देणाऱ्यांना सुगम्यतेच्या नियमांनुसार सेवा द्यायला बांधून घेतं, आणि त्यासाठी नियम आल्यापासून दोन वर्षांची मुदत देतं. नियम १५ जून २०१७ ला आले, मुदत जून २०१९ ला सरली. त्याच नियमांत लिहिलं होतं की संकेतस्थळावरची कागदपत्रं ईपब (ई-पुस्तकांचा फाइल प्रकार) किंवा ओसीआर असलेल्या पीडीएफच्या रूपात हवीत. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हे नियम सल्ल्यासारखे आहेत, कायद्याला सक्ती अभिप्रेत आहे. केंद्राने बंधनकारक निकष आखावेत. ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून प्रकरणात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं आणि ई-केवायसी, म्हणजे ग्राहकाची ऑनलाइन ओळख पटवणं, सुगम करण्यासाठी २० निर्देश दिले. अधिनियमाच्या कलम ८९ मध्ये दंडही आहे : पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत, पुढच्याला ५० हजार ते ५ लाख. यात कुठेही ‘स्थानिक स्तरावर संस्था मिळाल्यास’ अशी अट मला सापडली नाही.

आणि आम्ही मूठभर नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. तेव्हा दिव्यांगत्वाचे प्रकार कमी होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ आहेत. राज्याने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही काढला. त्यामुळे ‘हे कोणाच्या अखत्यारीत येतं ते बघावं लागेल’ हे उत्तरही आता जुनं झालं.

राहिला प्रश्न सेवा कुठे शोधायची याचा. तुम्ही शोधली नाहीत असं मी म्हणत नाही, पण कुठे शोधलीत ते पत्रात लिहिलेलं नव्हतं. म्हणून मला माहीत आहे ते सांगते.

सरकारी संकेतस्थळांसाठी जीआयजीडब्ल्यू नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पहिली २००९ ची, आताची ३.० आवृत्ती २०२३ ची. त्यांनुसार संकेतस्थळ तपासून प्रमाणपत्र देणारी एसटीक्यूसी ही केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखालचीच यंत्रणा आहे. म्हणजे पहिला दरवाजा सरकारीच आहे. सरकारी कचेऱ्यांसाठी एनआयसी या केंद्राच्या संगणक यंत्रणेचा एसथ्रीवास हा संकेतस्थळाचा तयार साचाही आहे; त्याच्या पूर्ण नावातच ‘सुगम्य’ शब्द आहे आणि अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळं त्यावर आहेत. साचा चांगला असून त्यात स्कॅन ओतला तर मात्र उपयोग शून्य, हे लक्षात ठेवा. याशिवाय भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १७८०२ हे मानक आहे आणि संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे जगभर चालणारे निकष, डब्ल्यूसीएजी. निविदेत लिहायला एवढी नावं पुरेत.

खासगी तपासणी कंपन्या मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद इथे आहेत. या क्षेत्रातल्या व्यावसायिकांना आयएएपी ही आंतरराष्ट्रीय संस्था परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. अशी माणसं भारतात आहेत आणि त्यातली कित्येक स्वतः दिव्यांग आहेत. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने ३१ जुलै २०२५ च्या परिपत्रकात आपल्या नियंत्रणाखालच्या सर्व संस्थांना सुगम्यतेची तपासणी करून घ्यायला सांगितलं, तेव्हा शेअर दलालांनासुद्धा तपासनीस शोधावेच लागले. पतसंस्थेला ते जमणार नाही असं का मानायचं?

पुस्तकांचं आणि अभ्यास साहित्याचं काम वेगळं आहे. तिथे शिक्षणसंस्थांनी लक्ष द्यावं. डेझी फोरम ऑफ इंडिया हे अशा कामात असलेल्या संस्थांचं जाळं आहे. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये त्यांच्याच सहभागाने उभं राहिलं. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं एक्सआरसीव्हीसी केंद्र २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी आणि संस्थांसाठी काम करतं. काही ग्रंथपाल म्हणतात, पुस्तक स्कॅन केलं तर कॉपीराइटची केस होईल. नाही होणार. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दिव्यांगांना वाचता येईल अशी प्रत बिनानफा तत्त्वावर करून द्यायला त्यात मोकळीक दिली आहे. दृष्टिहीनांना वाचता येतील अशा पुस्तकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश, २०१४ साली. कायदा असा असताना आपल्या कॉलेजातला मुलगा परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राकडून फोनवर धडा वाचून घेतो.

सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत आयएसएलआरटीसी ही राष्ट्रीय संस्था आहे, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. दुभाषे तयार करणारे अभ्यासक्रम तिथे चालतात. महासभेच्या प्रत्येक व्हिडिओला दुभाषा द्या असं मी म्हणत नाही. पूर, साथ, निवडणूक, पाणी बंद, यांच्या सूचनांना द्या. बाकीच्या व्हिडिओंना खाली मजकूर पुरे.

कंपनी खरी की नुसती बोलघेवडी, हे कसं ओळखायचं? इथे मी माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते. तीन-चार प्रश्न विचारा. तपासणी फक्त सॉफ्टवेअरने करता की माणसं करतात? सॉफ्टवेअर चित्राला वर्णन आहे की नाही एवढं सांगतं, ते वर्णन बरोबर आहे की ‘आयएमजी शून्य शून्य चार’ असं नुसतं फाइलचं नाव आहे, हे माणूसच सांगतो. तुमच्याकडे स्क्रीन रीडर रोज वापरणारी माणसं आहेत का, आणि ती तपासणीला बसणार का? मराठी मजकूर कुठल्या आवाजावर, कुठल्या फोनवर तपासणार? या प्रश्नावर बरेच जण अडखळतात, कारण त्यांनी फक्त इंग्रजी साइट बघितलेल्या असतात. आणि आधीचा एखादा अहवाल दाखवा, ग्राहकाचं नाव झाकून. खऱ्या अहवालात प्रत्येक दोषासमोर पान, जागा, कोणाला त्रास होतो आणि दुरुस्ती काय, हे लिहिलेलं असतं. नुसती ‘९८ टक्के सुगम’ अशी रंगीत पाटी दाखवली तर चहा पाजून रवाना करा. कोणी ‘एका ओळीचा कोड टाका, ४८ तासांत साइट निकषांत बसवतो’ म्हणालं तर चहाही नको.

कंपनी शोधण्याआधी, आजच्या आज, तुमच्या टेबलावर फुकटात होणारी कामंही आहेत. टाइप केलेली फाइल वर्डमधून थेट पीडीएफ म्हणून सेव्ह करा आणि सहीच्या स्कॅनसोबत तीही चढवा. डिजिटल सही असेल तर स्कॅनची गरजच नाही. युनिकोडमध्येच टाइप करा. व्हॉट्सॲपवर पत्राचा फोटो टाकलात तर खाली मजकूरही पेस्ट करा. आणि संकेतस्थळाची पहिली परीक्षा तुम्हीच घ्या : माउस काढून ठेवा आणि नुसत्या टॅब व एंटर कळीवर स्वतःची घरपट्टी भरून बघा. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतो, तो चालू करा, डोळे मिटा आणि तक्रार नोंदवा. कॉम्प्युटरसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे, तोही टाकून बघा. साहेबांनी दहा मिनिटं हे केलं तर माझ्यासारख्यांच्या दहा अर्जांचं काम होईल.

पैशांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण काही दिव्यांग संघटनांचे मित्रच माझ्याशी यावर भांडतात. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवायची असते. ‘त्यातूनच साइट दुरुस्त करून घेऊ’ असं काही अधिकारी सुचवतात आणि आमच्यातले काही खूश होतात. माझा याला विरोध आहे. इमारतीचा रॅम्प इमारतीच्या अंदाजपत्रकात धरतात, तसा संकेतस्थळ सुगम करण्याचा खर्च संकेतस्थळाच्याच अंदाजपत्रकात धरायला हवा. ५ टक्के निधी उदरनिर्वाहाला, उपचाराला, साधनांना आहे. त्याला हात लावू नका.

तेव्हा आमच्या मागण्या अशा.

पत्र मिळाल्या दिवसापासून कुठलीही सूचना, यादी, अर्जाचा नमुना किंवा आदेश नुसता स्कॅन करून प्रसिद्ध करू नये. सोबत युनिकोड मजकुराची प्रत असावी. मागच्या सगळ्या फाइली एकदम बदला असं म्हणत नाही. चालू योजना, कर, निवडणूक आणि आपत्ती यांच्यापासून सुरुवात करा.

नव्या प्रत्येक संकेतस्थळाच्या आणि ॲपच्या निविदेत जीआयजीडब्ल्यू ३.० आणि डब्ल्यूसीएजी २.१ च्या ‘एए’ पातळीची अट लिहावी. ती पाळली आहे हे ठेकेदाराबाहेरच्या तपासनीसाने लेखी दिल्याशिवाय शेवटचं देयक काढू नये आणि सुरक्षा ठेव सोडू नये. वार्षिक देखभालीच्या करारातही ही अट असावी, नाहीतर पहिल्याच अपडेटमध्ये सगळं पुन्हा बिघडतं.

आहे त्या संकेतस्थळांची तपासणी करून घ्यावी आणि अहवाल, दुरुस्तीच्या तारखांसह, त्याच संकेतस्थळावर ठेवावा. वाचता येईल अशा स्वरूपात, हे सांगायलाच नको.

तपासणीला जिल्ह्यातले दिव्यांग बसवावेत : दृष्टिहीन, कमी दिसणारे, कर्णबधिर, हात न चालणारे, शिकताना अडचण येणारे. त्यांना रीतसर मानधन द्यावं. ३ डिसेंबरच्या, जागतिक दिव्यांग दिनाच्या, कार्यक्रमात शाल-श्रीफळ देऊन ‘आमच्या साइटवर अभिप्राय द्या’ असं सांगणं म्हणजे तपासणी नव्हे. हे कौशल्याचं काम आहे. आपल्याकडच्या बारावी, पदवी झालेल्या दृष्टिहीन मुलामुलींना ते शिकता येतं आणि गाव न सोडता करता येतं.

लहान नगरपंचायतीला हे एकटीने जमणार नाही, हे मी समजू शकते. म्हणून तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी, नाहीतर नाशिकच्या विभागीय आयुक्तांनी, तपासणी, दस्तऐवज रूपांतर, व्हिडिओखालचा मजकूर आणि सांकेतिक भाषा या चार कामांसाठी संस्थांचं एक सामाईक पॅनेल आणि दरकरार करावा. मग शहादा, चोपडा, शिरपूर, अमळनेर, कोणीही त्यातून काम देऊ शकेल आणि ‘संस्था उपलब्ध नाही’ हे वाक्य फाइलीत लिहायची वेळ येणार नाही.

कायद्याच्या कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत दिव्यांगांसाठी तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. तो नेमावा, आणि त्याचं नाव, ईमेल आणि एसएमएस-व्हॉट्सॲप चालेल असा नंबर पहिल्या पानावर मजकुरात द्यावा.

आणि अर्ज निकाली काढण्याआधी अर्जदाराशी एकदा बोलावं. त्या कचेरीने मला एक फोन केला असता तरी यातल्या निम्म्या गोष्टी त्यांना तेव्हाच कळल्या असत्या.

पहिली मागणी, स्कॅनची, महिनाभरात पूर्ण होऊ शकते. तिला पैसा लागत नाही. बाकीच्यांसाठी तुम्ही तुमची वेळ सांगा, पण तारखेसह सांगा. तीन महिन्यांत कुठूनच काही हललं नाही, तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे संस्थानिहाय तक्रारी जातील. प्रत्येक संस्थेच्या संकेतस्थळावर कुठल्या पानावर काय अडतं, याची टिपणं आम्ही काही जणांनी मिळून सुरू केली आहेत. ज्यांना ती आधी बघायची असतील, त्यांनी मागावीत, देऊ. दुरुस्ती झाली की टिपणातून नाव काढू आणि तसं जाहीरही करू.

आपली,
तापीकाठची एक दृष्टिहीन करदाती